पाणी आलं

शुक्रवार, घाटकोपर

आज आईवर उगाच ओरडले. बाहेर पाऊस, त्यात नळ अवेळी, संध्याकाळी आला. शेजारच्या काकूंनी हाक मारली, "पाणी आलं गं!" मी बादली घेऊन धावले, आणि आई औषधांची पिशवी छातीशी धरून पलंगावर चढली. गेल्या वर्षी घरात गुडघाभर पाणी भरलं, तेव्हापासून ती अशीच दचकते.

"आई, नळाचं पाणी गं! एवढंही कळत नाही का तुला?" काकू हसल्या. मीही. का हसले मी? पाणी आलं की पिशवी घ्यायची, पलंगावर चढायचं, हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं ना?

बादली भरून वाहायला लागली, तरी ती पिशवी धरून वरच उभी. मग हळूच म्हणाली, "उतरू का गं आता?"