स्पीकरची वायर फ्रिजवर आहे

ताई,

आजपासून आपल्या घरात नव्या युगाला प्रारंभ झाला आहे. सध्या ते दोन उशांना टेकून उभं आहे, कारण स्टँडचे स्क्रू खोक्यात आलेच नाहीत. तेच आणायला बाहेर पडतोय.

‘टीव्हीचा आवाज बसलाय’ म्हणून बाबांनी महिनाभर आपलं डोकं खाल्लं आणि हा नवा घ्यायला लावला. साडेतीन तास मी त्याच्या मागे गुडघ्यांवर होतो. बाबा खुर्चीतून सांगत होते, “लाल वायर लाव.” लाल वायर नाहीच आहे. शेवटी चित्र आलं, पण आवाजाचा पत्ता नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम घेतलेल्या स्पीकरची वायर अजून माझ्या हातातच होती, तेवढ्यात बाबा म्हणाले, “वा! शब्दन्‌शब्द कळतोय. उगाच माझ्या कानांच्या मागे लागला होतात दोघं!”

मी वायर फ्रिजवर ठेवून दिली. कानाच्या डॉक्टरांची उद्या सकाळी दहाची वेळ घेतली आहे. तूच घेऊन जा, माझ्याबरोबर ते जिनासुद्धा उतरणार नाहीत.

जुना टीव्ही मघाशी आतल्या खोलीत लावून पाहिला. आवाज खणखणीत आहे.