तेविसावी कचोरी

६ जानेवारी, सोमवार
उदयपूरला पोचलो. मिसिसागाच्या माणसाचं ही थंडी काय वाकडं करणार? तरी वृंदाने विणलेला मरून स्वेटर अंगात आहे, कारण तो काढला तर तिला कॅनडात बसून कळतं. पाठीवर पांढऱ्या हरणांची रांग आहे. त्यातल्या एका हरणाला पाच पाय झालेत. विणताना काहीतरी चुकलं असणार, पण बोलायची सोय नाही.
संकल्प केले. सहा आठवड्यांत इंग्रजी शिकवून सातवी ब चा कायापालट. शुगर बॉर्डरवर आहे, म्हणून बाहेरचं खाणं पूर्ण बंद. आणि वर्गात शिकवतानाचा एक झकास फोटो वृंदाला. विमानतळावर म्हणाली होती, तुम्ही तिकडे जाऊन नुसते खाणार. तिला तोंडी उत्तर द्यायचं नाही. फोटोच देईल.

७ जानेवारी
शाळा चांगली आहे. मुख्याध्यापिका मेनारिया मॅडम फार अगत्यशील. स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेचा कागद आला तेव्हा त्यांना वाटलं होतं, कोणी गोरा येतोय. मी सांगितलं, चौतीस वर्षं कॅनडात आहे, पासपोर्ट तिकडचा, रीतसर फी भरून स्वयंसेवक म्हणून आलोय. त्या म्हणाल्या, असू दे हो काकासा, आम्हाला तुम्ही घरचेच. एका दिवसात एवढी जवळीक. गोऱ्यांना सात जन्म जमणार नाही.
शिपाई भेरूलाल मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर आहे, त्यामुळे सगळ्यांची धावपळ. माझा वर्ग सोमवारपासून.

८ जानेवारी, सकाळी १०.४०
वर्ग नाही तर शहर तरी समजून घ्यावं. घंटाघराच्या पुढच्या गल्लीत, बोर्ड नसलेलं एक कचोरीचं दुकान शोधून काढलं. टुरिस्ट लोकांच्या बापालाही सापडणार नाही. पत्ता, खुणा आणि पिशवी मॅडमनी दिली होती, येताना स्टाफसाठी बावीस कचोऱ्या आणा असंही म्हणाल्या होत्या. पण चाललो मीच ना.
दुकानदार चुन्नीलालजी. शब्द मोजून बोलणारा माणूस. बावीस बांधल्या आणि तेविसावी पानावर ठेवून माझ्या हातात दिली. पैसे घेईना. म्हणाला, ही तुमची. लांबून आलेला माणूस ओळखायला नजर लागते, ती या माणसाकडे आहे. नाही म्हटलं असतं तर त्याचा अपमान झाला असता. खाल्ली. आतली मूगडाळ झणझणीत.
बाहेरचं खाणं बंद, हा नियम विकतच्या खाण्याला आहे. ही भेट होती.

९ जानेवारी
परत बावीस. परत तेविसावी. आता ही मैत्री म्हणायला हरकत नाही.

१३ जानेवारी, सोमवार
हॅम्बुर्गहून योहाना नावाची मुलगी आली आहे. वय एकोणीस. सातवी ब तिला दिली. मॅडमचा मुद्दा मला पटला. माझ्याशी मुलं हिंदीत बोलतात, तिच्याशी झक मारत इंग्रजीत बोलावं लागेल. मी म्हटलं, तिचं स्वतःचंच इंग्रजी कच्चं आहे. मॅडम म्हणाल्या, म्हणून तर मुलांना समजतं.
माझा वर्ग पुढच्या सोमवारी.

१७ जानेवारी
दहाच्या चहाची किटली हल्ली मीच आणतो. कोणी सांगितलेलं नाही. म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलं, नंतर सांगावं लागलं नाही. याला इनिशिएटिव्ह म्हणतात.
भाजीबाजाराच्या टोकाला एक बाई मक्याचा ढोकळा विकते. वाफाळता, वरून कच्चं तिळाचं तेल. मक्यात फायबर असतं. चार खाल्ले.
परदेशी स्वयंसेवकांसाठी इथल्या दुकानांची मार्गदर्शिका लिहायला घेतली. आतापर्यंत शीर्षक आणि लेखकाचा परिचय लिहून झाला. परिचय दोन पानं.
बाजारात आता सगळे मला ओळखतात. चहावाला, ढोकळेवाली, खडू-डस्टरवाला. लांबूनच हाक येते, या, भेरूजींच्या जागेवरचे. दोनदा सांगितलं, विद्याधर सोहोनी. त्यांना उच्चार जमत नाही.
वृंदाचा फोन. फोटो कुठंय? म्हटलं, मुलांच्या प्रायव्हसीचा प्रश्न असतो. काय खाल्लंत? म्हटलं, मका.

२० जानेवारी, सोमवार
शाळा तपासायला अधिकारी येणार म्हणून सगळे गडबडीत. वर्ग पुढच्या सोमवारी.
योहानाला केळी हवी होती, आणून दिली. तिने वर दहा रुपये दिले. मी परत केले. तर कमी वाटले असं समजून तिने वीस दिले. माझा इंटरनॅशनल व्हॉलंटियरचा बिल्ला स्वेटरच्या आत राहिला होता, त्यामुळे झालं. उद्यापासून बाहेर लावायचा.

२१ जानेवारी
बिल्ला किटलीच्या दांड्यात अडकतो. आतच ठेवला.

२६ जानेवारी
झेंडावंदन. तीनशे दहा बुंदीचे लाडू. हलवायाकडे पहाटे जाऊन, मोजून, टोपलीतून मीच आणले. योहाना मंचावर प्रमुख पाहुणी. तिला लहरिया फेटा बांधला. मला बांधला नाही, कारण फेट्यावर टोपली राहत नाही. खुर्चीवर बसणं काय, कुणालाही जमतं. वाटपाचं सबंध खातं मात्र माझ्या हातात होतं. मग पाहुण्यांना चहा दिला. संस्थेचा माणूस सारखे फोटो काढत होता.
दुपारी रिकामी टोपली धुताना डोळे भरून आले. राष्ट्रगीतामुळे असेल. राष्ट्रगीत सकाळी झालं होतं.

२७ जानेवारी, सोमवार
आज वर्ग मिळाला. योहाना जयपूर बघायला गेली आहे.
सातवी ब मध्ये पाऊल टाकलं. सगळी मुलं उभी राहिली. मॉनिटर खुशबू पुढे आली आणि हात पसरून म्हणाली, नोटीस द्या. मी म्हटलं, नोटीस नाही, शिकवायला आलोय. ती म्हणाली, काकासा, तुम्ही जरा टेका, दमला असाल, योहाना मॅडम आल्या की सही करतील.
तरी मी डगमगलो नाही. फळ्यावर धबधबा काढला आणि नायगाराबद्दल इंग्रजीत सुरू केलं. मुलं खरंच ऐकत होती. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, काका, एवढं पाणी जातं कुठे? मला फार आनंद झाला. खुशबूच्या हातात फोन दिला, म्हटलं, फळ्यासकट काढ. तिने फोन डोळ्यापुढे धरला आणि मॅडम दारात आल्या. अधिकारी आले होते. मॅडमनी दोन बोटं दाखवली.
दोन चहा.
परत आलो तेव्हा तास संपला होता. धबधबा पुसलेला. फोटोत माझ्या जागी दार आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार
भेरूलाल परत आला. माझ्याच वयाचा, सडसडीत. मुलीचं लग्न छान झालं म्हणाला, सगळ्यांना लाडू दिले. मग किटली उलटी करून बघितली. म्हणाला, दांडा ढिला केलात, पण घासलीत चांगली.
नंतर मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. विचारलं, चुन्नीलाल हातची कचोरी देत होता ना? मी म्हटलं, हातची म्हणजे? म्हणाला, आणणाऱ्याची. शाळेच्या ऑर्डरवर एक आणणाऱ्याला, पंचवीस वर्षांचा रिवाज आहे. मागे एका बदलीवाल्याला दिली नाही, तेव्हा मी जाऊन भांडलो होतो. तुम्ही नवे, तुमचा हक्क बुडायला नको.
मी म्हटलं, मिळत होती.
परीक्षा तोंडावर आल्यामुळे आता वर्गावर नवा माणूस नको, असं मॅडमचं मत. तुम्ही आराम करा म्हणाल्या. कचोऱ्या आणायला भेरूलाल गेला.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी
वृंदाचा फोन. आवाज चक्क मऊ. संस्थेच्या वेबसाइटवर सव्वीस जानेवारीचा फोटो आलाय. फेटा बांधलेली जर्मन मुलगी गोड दिसते म्हणाली. आणि तिच्या मागे एक शिपाई पाठमोरा वाकून चहा ओततोय, त्याच्या पाठीवर पाच पायांचं हरण आहे.
म्हणजे पाचवा पाय तिला माहीत होता.
म्हणाली, स्वेटर त्याला देऊन टाकलात ना? मी उगाच बोलले होते हो, की नुसते खाणार. दुसऱ्याचा विचार करायला शिकलात तिकडे जाऊन.
मी म्हटलं, गरीब माणूस आहे. थंडी फार आहे इथे.
छत्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतकं चांगलं कधी बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर स्वेटर काढून त्याची घडी घातली.

६ फेब्रुवारी, सकाळी ८
भेरूलालला स्वेटर दिला. तो घेईना. म्हणाला, काकासा, माझ्याकडे तीन आहेत, कुडकुडताय तुम्ही. हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी मला वाईट वाटू नये म्हणून त्याने घातला. मला पोटावर घट्ट व्हायचा, त्याला बरोब्बर बसला.

सकाळी १०.५०
स्टाफरूममध्ये बसलोय. गार वारा येतोय. भेरूलाल कचोऱ्या घेऊन आला आणि त्याने बशा मांडल्या. बावीस माणसं, बावीस कचोऱ्या. त्यात माझी कधीच धरलेली नव्हती, हे आज पहिल्यांदा बसून मोजलं तेव्हा कळलं.
भेरूलालने पानात गुंडाळलेली त्याची हातची काढली. अर्धी मोडली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, सवय लागली असेल.
नाही म्हटलं असतं तर त्याचा अपमान झाला असता. खाल्ली.