दुसऱ्या पानापुढे

दि. १२ फेब्रुवारी, दुपार

चि. गटप्रमुख साहेबांस,

आजीचे आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझा गुडघा जागेवर आहे, जीभही. शब्द माझे, अक्षर तुझ्या आईचं. हातातलं शिवणकाम काढून घेऊन तिला लिहायला बसवलंय, म्हणून तोंड फुगलंय.

तुझा तो फोनवरचा लेखकांचा गट मला ठाऊक आहे. तुझी आई त्यातल्या कथा मला वाचून दाखवते. नियमही तिनेच वाचून दाखवले, तूच केलेले. कथा पूर्ण वाचल्याशिवाय मत देऊ नये. बोलायचं ते कथेवर, माणसावर नाही. मी म्हटलं, नातू शहाणा झाला! ते शब्द मागे घेते.

गेल्या सोमवारी 'काजबटण' नावाच्या बाईंनी कथा टाकली. शिवणकाम करते, पहिलीच कथा आहे, चुका सांगा, एवढंच म्हणाल्या. आणि तू काय लिहिलंस? "बाई, दुसऱ्या पानापुढे जाववलं नाही. तुम्ही बटणंच लावा. कथा म्हणजे पायजम्याची नाडी नव्हे, कुणीही ओवावी." त्यावर चाळीस जण हसले. एक निवृत्त पोस्टमन तेवढे म्हणाले, "साहेब, नियम तुमचेच आहेत." तर त्यांनाच गटातून काढलंस!

अरे, दोन कथा काय छापून आल्या, जमिनीला पाय लागेनात? लहानपणी नाडी आत गेली की भोकाड पसरून कुणाकडे धावायचास, ते आठव जरा.

एका परक्या बाईसाठी म्हातारी एवढी का तडकली, असं वाटत असेल तुला.

इथे तुझ्या आईने पेन खाली ठेवलं. "सासूबाई, पुरे. हे नको." मी म्हटलं, "लिही. गाळलंस तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईन. मला वाचता येत नसलं तरी बोललेलं पाठ असतं."

काजबटण म्हणजे तुझी आई.

नाव लपवलं, कारण आईची कथा म्हटल्यावर तू छानच म्हणाला असतास. तिला तुझ्याकडून खरं ऐकायचं होतं. तुझं उत्तर तिने मला बातम्या वाचाव्यात तसं वाचून दाखवलं. मग फोन उपडा ठेवला आणि चांगली घातलेली शिवण उसवत बसली. कथेची वही आता मशीनच्या खणात, चिंध्यांखाली आहे.

कथा वाईटही असेल, मला काय कळतंय? कुठे वाईट ते दाखवायचंस, तिने ऐकलं असतं. पण आधी वाचायची तरी होतीस! तिसऱ्या पानावर एक मुलगा येतो. शाळेच्या नाटकात राजा होतो. आई जुन्या पडद्याचा झगा शिवते. काखेतलं ठिगळ दिसू नये म्हणून पठ्ठ्या दोन्ही हात अंगाला चिकटवून राज्य करतो. ओळखलंस? एक पान उलटलं असतंस तर स्वतःलाच भेटला असतास.

आता नीट ऐक. पोस्टमनना मानाने परत घे. आणि जिथे चाळीस जण हसले, तिथेच त्यांच्यादेखत काजबटणची माफी माग. आई आहे म्हणून नाही, सभासद आहे म्हणून. ती आई आहे हे तिथे सांगायचंही नाही. घरी येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवशील तर ती लगेच विरघळेल. मी नाही विरघळणार.

हे पत्र शेवटपर्यंत वाचलंस ना? मग तिची कथाही वाच.

एक अक्षर न येणारी, पण कुणाचंही पूर्ण ऐकून मगच बोलणारी,
तुझी आजी