यमूच्या लग्नाला उशीर

वैशाख वद्य पंचमी, जव्हार

धाकट्या बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त मी चुकवला. आदल्या दिवशीच का निघालो नाही? यमूवर अक्षता पडल्या तेव्हा मी मोखाड्यात बंद पडलेल्या मोटारीपाशी उभा होतो. आमच्या विमान कंपनीतला मेकॅनिक फर्नांडिस रजा काढून माझ्यासोबत आला होता. कोट काढून तोच मोटारीखाली शिरला. तीन तासांनी म्हणाला, "विमान याहून सोपं रे."

पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसत होती. यमू एवढंच म्हणाली, "दादा, पाठवणीला तरी आलास."

फर्नांडिसच्या हातांचं काळं घासूनही निघेना, म्हणून तो पानावर बसेना. सोवळ्यातली आई त्याच्याशेजारी बसली आणि त्याला घास भरवू लागली.

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी आपल्या हाताने जेवलो.