बारशाचं पहिलं आमंत्रण

११ जुलै २०२०, ट्रुगानिना

आलो बुवा एकदाचे स्वतःच्या घरात! दुमजली, करकरीत नवं, रंगाचा वास अजून गेलेला नाही. सुरुचीला आठवा महिना लागलाय, तरी खोकी उचलायला धावते. ओरडून खुर्चीत बसवलं. रस्त्यावरची सगळी घरं राखाडी आणि एकसारखी; उद्या चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो तरी कळायचं नाही. शेजारी दत्तप्रसाद नावाचा इसम आहे. मास्क हनुवटीवर, आणि कुंपणावरून पहिला प्रश्न काय, तर गॅरेजच्या फरशीचं काय ठरवलंय. मेलबर्नला येऊन माणसं सुधारतात हा एक गैरसमजच.

सोमवारपासून कामालाही नवं वळण. विमानं बंद, म्हणून आमच्या ट्रॅव्हलवाल्यांनी ‘घरबसल्या चीन’ काढलंय. पिंगयाओ नावाच्या जुन्या शहरात हान नावाची गाइड फोन घेऊन फिरणार आणि इंग्रजीत सांगणार, मी इथून त्याचं मराठी करणार, आणि ऑस्ट्रेलियाभरचे रिटायर्ड काका-काकू सोफ्यावर शेंगदाणे खात चीन बघणार. पायाला धूळ नाही की अंगाला घाम नाही. मजा आहे!

१८ जुलै

पहिली टूर झाली. शहराची तटबंदी जबरदस्त आहे, मान्य. पण दाखवायची कुणाला? एका काकांनी विचारलं, इथे चहा बरा कुठे मिळतो. अहो, तुम्ही तुमच्या हॉलमध्ये बसलाय! एक काकू तासभर अनम्यूट. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या पिंगयाओच्या बुरुजांनी ऐकल्या. हान बाई मन लावून एकेका विटेचा इतिहास सांगते. मी निम्मा गाळतो. मिंग राजे काय आणि चिंग राजे काय, यांना जेवणाच्या आत संपल्याशी मतलब. देवळांचंही तेच, एक बघितलं की सगळी बघितली.

२५ जुलै

आज नगरदेवाचं देऊळ. हान म्हणाली, हा या शहराचा देव, त्याच्याकडे शहराचा सगळा कारभार. पुढचं मी ऐकलंच नाही. “ग्रामदैवत” म्हणून मोकळा झालो. लगेच सगळ्यांचे हात जोडलेले. देव लांब मिशांचा, तहसीलदारासारखा ऐसपैस बसलेला. दोन्ही बाजूंना मातीचे सेवक. एक ताडमाड उंच, पांढरा, जीभ बाहेर काढलेला. एक बुटका, काळाकुट्ट. शाळेच्या गॅदरिंगला यापेक्षा बरे मुखवटे असतात. तसं बोललोही.

मग टूरमधल्या, गिरावीनच्या शुभदाकाकूंनी पिल्लू सोडलं. मंगलकार्याचं पहिलं आमंत्रण ग्रामदैवताला द्यायचं असतं म्हणे. ट्रुगानिनाला कुठलं आलंय ग्रामदैवत, तर शंतनू, तू तुझ्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण यालाच दे. झालं! सगळे टाळ्या पिटायला लागले. गिऱ्हाइकापुढे करतो काय? सुरुचीच्या देवघरातून कुंकू लावलेल्या अक्षता आणल्या, लॅपटॉपवर टाकल्या, खणखणीत आवाजात नाव-पत्ता सांगितला आणि म्हटलं, बारशाला सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे. हसून हसून पोट दुखलं. नंतर कीबोर्ड उलटा करून झटकला. तांदूळ काही सापडले नाहीत.

टूर संपल्यावर हानने विचारलं, देवासमोर काय बोललास. मी सांगितलं. ती म्हणाली, हा मेलेल्यांचा न्यायाधीश आहे. बाजूचे दोघे त्याचे शिपाई, जीव न्यायला तेच जातात. त्याला कुणी घरी बोलवत नाही. अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं! तर म्हणे, सांगितलं होतं, तूच मराठीत बोलत सुटलास.

८ ऑगस्ट

लॉकडाऊन आणखी कडक. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, पाच किलोमीटरच्या बाहेर पडायचं नाही. बरंच झालं, दत्तप्रसाद चहाला टपकायचा धोका टळला.

काकूंच्या हट्टापायी आज पुन्हा नगरदेव. देवाच्या मांडीवर तांदळाचे दाणे होते, लाल कुंकवाचे. हानला म्हटलं, नाटक झकास करतेस हं. ती म्हणाली, मी ठेवले नाहीत, आणि तो लाल रंग कसला तेही मला माहीत नाही. इतकं सरळ तोंड करून थाप मारणारी बाई मी पाहिली नव्हती. काका-काकू मात्र गहिवरले. म्हणाले, देवाने आमंत्रण घेतलं.

२४ ऑगस्ट

मुलगा झाला! नाक माझं, आवाज सासूबाईंचा. नर्सने हातात दिला आणि माझ्यासारख्या माणसाला रडू कोसळलं. सुरुची बघत होती म्हणून खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढासा जीव, मुठीत माझं बोट धरून झोपला. याला काही झालं तर मी जगणार नाही, असं मनात आलं. असलं मी कधी बोलत नाही.

बाराव्या दिवशी बारसं, झूमवर. सासूबाई सांगलीहून बघणार, आणि सुरुचीने काकू मंडळालाही बोलावलंय.

२९ ऑगस्ट

देवळात दोन चौथरे रिकामे. उंच पांढरा नाही, बुटका काळा नाही. रंगवायला नेले असतील, असं काका-काकूंना ठोकून दिलं. हान आत जायला तयार होईना, उंबऱ्याबाहेरूनच फोन धरला. तिचं म्हणणं, देवळातल्या कुणीच ते हलवलेले नाहीत. सरकारी कारभार, कबूल कोण करणार?

पुढची देवळं घाईघाईत उरकली.

१ सप्टेंबर

दत्तप्रसादने कुंपणावरून दम दिला. तुमच्या पोर्चमध्ये पाहुणे उभे असतात, एक उंच, एक बुटका, मास्क नाही काही नाही, फाइन बसेल मित्रा. मी म्हटलं, चष्मा बदल. गाढव कुठला!

पोर्चमध्ये पिवळी माती सांडली होती. आपल्या अंगणातली नाही. झाडून टाकली. सुरुचीला बोललो नाही.

२ सप्टेंबर

हानला फोन केला. म्हटलं, त्याला जाऊन सांग, येऊ नको. ती म्हणाली, बोलावलंस तू, मी कोण सांगणारी. सकाळी उंबऱ्यातून डोकावून आली होती. आता मधलं आसनही — देवाचंच — रिकामं आहे.

सुरुचीला सगळं सांगितलं. बारसं नको म्हटलं. आधी हसली, मग चिडली. म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्याच्या देवाधर्माची टिंगल केलीस, आता स्वतःची टरकली तर माझ्या बाळाचं बारसं मोडतोस होय? बारसं होणारच.

बाईला अक्कल नाही. पण चूक तिची नाही.

३ सप्टेंबर

माती आत आली. हॉलमधून पाळण्यापर्यंत — मग नाही.

बाळ जागं आहे. पाळण्याच्या पलीकडे बघतं. मी अलीकडे उभा, माझ्याकडे बघतच नाही.

कुठे नेऊ याला? पाच किलोमीटर — आणि पुढे कुठे?

लॅपटॉपसमोर हात जोडले. म्हटलं, चुकलो, मला ने, पोराला हात लावू नको. आम्ही हसलो ते — बाळाने काय केलंय —

४ सप्टेंबर, दुपार

सुरुची ऐकत नाही. सगळ्या जमल्यात झूमवर. पाळण्याला साडीची झालर लावलीय, पलीकडचं माणूस दिसतसुद्धा नाही. एका बाजूने सुरुची, दुसऱ्या बाजूने मी. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून इकडून तिकडे द्यायचं. एरवी दोन बायका लागतात. लॉकडाऊनमध्ये दुसरी बाई मीच.

मी खाली आल्याशिवाय बाळाला उचलू नकोस, असं तीनतीनदा बजावून वर आलोय. खिडक्या बघितल्या. बंद. सगळ्या बंद. डायरी इथेच होती, म्हणून दोन ओळी —

काकूंनी पाळणा म्हणायला घेतला —

सुरुची म्हणतेय, आलास का, उभा राहा तिकडे —

कुणाला म्हणतेय?

“गोविंद घ्या —” अगं थांब —

विचारतेय, नीट धरलंस ना रे, सोडू का —

सुरुची, सोडू नको, मी वर आहे, मी अजून व