ओवाळणीची पांढरी गाडी

नांदेड,
७ डिसेंबर २०२५

चि. भागवत यास,
अनेक आशीर्वाद.

हाताला सवय आहे म्हणून आशीर्वाद लिहिला गेला. आता खोडत नाही, राहू दे. आरतीला आणि मुलांना मात्र मनापासून सांग. इकडे थंडी बरी पडली आहे. तुझे दाजी ठीक आहेत, गुडघ्याची कुरकुर तेवढी चालू असते. माझी अर्धापूरची शाळा चालू आहे. सध्या एसटीनं जाते. साक्षीचा बारावीचा अभ्यास जमेल तसा चालला आहे. मामा फोन करतो आणि भाची बोलत नाही, म्हणून तुला वाईट वाटलं असं आरती म्हणत होती. वाईट वाटून घेऊ नकोस. ती सध्या कुणाशीच बोलत नाही.

हे पत्र आणून देणारे मडिवाळप्पा भले गृहस्थ आहेत. त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस. भाडं मी देऊन टाकलं आहे, ते तुझ्याकडे काही मागणार नाहीत. त्यांच्या ट्रकवर काय आहे ते एव्हाना तू पाहिलंच असशील. शेजारीपाजारी जमले असतील तर जमू दे. दिलीस तेव्हा तरी कुठे गुपचूप दिली होतीस? आमच्या अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होतेस.

फोनवर का बोलले नाही म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "ताई, तू टेन्शन घेऊ नको, म्या हाव ना," म्हणालास की लहानपणापासून माझी बोलती बंद होते. पत्राला मधे तोडता येत नाही, म्हणून पत्र.

जगदेवी मॅडमची लाल गाडी आठवते? आमच्याच शाळेतल्या त्या. रिटायर होऊन मुलाकडे निघाल्या होत्या आणि गाडी विकायची होती. छोटीशी, माझ्या बजेटात बसणारी. ती मी किती तपासली होती! वाचून वाचून मी अर्धी मेकॅनिक झाले आहे, असं तुझे दाजी चिडवायचे. सकाळी इंजिन गार असताना जाऊन चालू करून बघितली. पायाखालची मॅट उचलून गंज बघितला. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगची सगळी बिलं, एकच मालकीण. एका दारावर चरा होता, तोही मॅडमनी स्वतःहून दाखवला. "गेटला घासली हो, माझीच चूक," म्हणाल्या.

आणि मग ती मी चालवली. भागवत, ही गोष्ट मी कुणाला नीट सांगितलीच नाही. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकलेली बाई मी. क्लासच्या गाडीत मास्तरांचा पाय सतत ब्रेकवर, त्यामुळे गाडी चालवणं म्हणजे बोलणी खाणं एवढंच माहीत होतं. त्या दिवशी अर्धापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, शेजारी साक्षी, आणि ती लाल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अशी पळाली की मला हसूच फुटलं. स्टिअरिंग नुसतं बोटांनी वळत होतं. एका ट्रकला मी ओव्हरटेक केलं! साक्षी ओरडली, "मम्मी, तू गाणं म्हणून राहिलीस!" मला पत्ताच नव्हता. इतक्या वर्षांत स्वतःच्या हौसेसाठी मी काही केलं असेल तर ते तेवढंच.

तुला विचारायला फोन केला, कारण लातूरला तुझा जुन्या गाड्यांचाच धंदा. तू हसलास. "लाल डबा कशाला घेऊन राहिलीस, ताई? जुनी गाडी घेताना गाडी न्हाई बघायची, इकणारा माणूस बघायचा. माझ्यापेक्षा जवळचा माणूस हाय का कोणी?" मी म्हटलं, नाही बाबा. आणि खरंच नव्हता. आई लवकर गेली, आप्पांना जाऊन वर्ष झालं. माहेर म्हणजे तूच उरला होतास.

भाऊबीजेला तू पांढरी मोठी गाडी घेऊनच आलास. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेला रिबीन. मी ओवाळलं आणि तू ताटात किल्ली टाकलीस. मी रडले. तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्यांसमोर रडले, ते तुझ्या मोबाइलमध्ये असेल.

जेवताना तू सहज म्हणालास, "ताई, ते आप्पांच्या जमिनीच्या हक्कसोडाचं तेवढं उरकून टाकू. चाकूरला रजिस्ट्री ऑफिसात नुस्ती सही करायची. तलाठ्यानं सातबाऱ्यावर तुझं माहेरचं नाव लावलंय, ते सहीपुरतंच हाय म्हणा." मी बासुंदी वाढत होते. म्हटलं, सोडलाच समज. सगळ्याच बहिणी सोडतात. भावाचं दार उघडं राहावं म्हणून सोडतात. मला त्यात वावगं काही वाटलं नाही आणि गाडीचा नि सहीचा काही संबंध असेल हे तर मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुझे दाजी म्हणाले, एकदा आपल्या मेकॅनिकला दाखवून आणतो. मी त्यांच्यावर किती भडकले म्हणून सांगू. भावाची ओवाळणी मेकॅनिकला दाखवायची? भाऊबीजेची साडी कुणी उजेडात धरून भोकं शोधतं का? तुम्हाला माझ्या माहेरचं काही चांगलं बघवतच नाही, इथवर बोलले. लाल गाडीची मॅट उचलून बघणारी मी, पांढऱ्या गाडीचं साधं बॉनेटही उघडलं नाही. जगदेवी मॅडमना नाही म्हणून कळवलं. बिचाऱ्या माझ्यासाठी गिऱ्हाईक थांबवून बसल्या होत्या.

मग नोव्हेंबरात ते झालं. तुला मी फोनवर सांगितलं होतं, थोडं धडकलो, साक्षीला जरा लागलंय. तू म्हणालास, "बघ! मोठी गाडी व्हती म्हणून निभावलं. त्या लाल डब्यात असता तर काय झालं असतं?" मी हो हो म्हटलं. तेव्हासुद्धा मी तुलाच सांभाळत होते. आपल्या ओवाळणीच्या गाडीत भाचीला लागलं म्हणून तू जिवाला लावून घेशील, अशी मला भीती. केवढी शहाणी मी!

जरा नव्हतं लागलं, भागवत. समोरचा केळीचा पिकअप एकदम थांबला आणि माझा ब्रेक लागेपर्यंत आम्ही त्याच्यावर गेलो. साक्षीनं पट्टा लावलेला होता. तो तिला धरून ठेवायचा सोडून सैल पडला आणि तिचं तोंड समोर आदळलं. एअरबॅग उघडली नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला. दात तारांनी एकमेकांना बांधून ठेवले आहेत. म्हणून ती तुझ्याशी फोनवर बोलत नाही. रुसली नाही, तिला तोंडच उघडता येत नाही. सूप, ताक, पातळ केलेलं वरण, सगळं नळीनं. काही सांगायचं असलं की मोबाइलवर टाइप करून मला दाखवते. पोरीची बडबड थांबावी म्हणून मी कितीदा ओरडले असेन. आता घरात तेवढीच शांतता आहे.

आमच्या मेकॅनिकनं मोडकी गाडी उघडली तेव्हा कळलं की एअरबॅग उघडणार कशी, ती आत नव्हतीच. स्टिअरिंगच्या आणि डॅशबोर्डच्या पोटात रेक्झिनचे तुकडे कोंबून वरून झाकण बसवलेलं. धोक्याचा दिवा लागू नये अशी वायर जोडलेली. पट्टे आधीच्या अपघातात ताणून निकामी झालेले, तेच धुऊन परत लावलेले. गाडी आधी एकदा पुरती चेपली होती. तरीही, खरं सांगते, मी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, त्याला कुणीतरी फसवलं असेल.

दाराच्या आतल्या बाजूला लातूरच्या एका गॅरेजचं स्टिकर होतं. गेल्या रविवारी मी एसटीनं लातूरला आले. तुझ्या घरी आले नाही. गॅरेजवाल्या गुरुलिंगला मोबाइलवरचा गाडीचा फोटो दाखवला. बहीण आहे हे सांगितलं नाही, ही गाडी घ्यावी का एवढंच विचारलं. माणूस बोलका निघाला.

"नका घेऊ, मॅडम. पिशव्या न्हाईत हिच्यात. म्या भागवतसायबाला म्हणलं व्हतं, नव्या बसवू, पट्टे बी बदलू. साहेब म्हणले, ऱ्हाऊ दे, बहिणीला द्यायचीय. बाईमाणूस, चाळीसच्या म्होरं कधी नेतीय? नुस्ती वरून चकाचक कर."

त्यानं मला चहा मागवला. मी तो प्यायले, आभार मानले आणि स्टँडवर येऊन बसले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, नांदेड आलं, तरी माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. भागवत, मी चाळीसच्या आतच होते. स्पीडच्या काट्याकडे माझं लक्ष होतं. पोर शेजारी बसली की मी जपूनच चालवते. तुझा हिशेब माझ्या बाबतीत अगदी बरोबर होता, फक्त तेवढ्यानंही जबडा मोडतो हे तू धरलं नव्हतंस.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. तू रिकाम्या हातानं आला असतास तरी मी सही केली असती. एका ब्लाउजपीसवर केली असती. नुसतं "ताई" म्हणून पाट ओढून जेवायला बसला असतास तरी केली असती. तुला बहिणीची सही फुकट मिळत होती आणि तरी तू तिच्यासाठी भंगार रंगवून आणलंस. म्हणजे इतक्या वर्षांत तू मला ओळखलंच नाहीस. की ओळखलंस, म्हणूनच ही तपासून बघणार नाही याची तुला खात्री होती? याचं उत्तर मला पाठवू नकोस. दोन्हीपैकी कुठलंही आलं तरी मला सोसवणार नाही.

परवा जगदेवी मॅडमची लाल गाडी आमच्या दारासमोरून गेली. अर्धापूरच्या कुठल्याशा केळीच्या व्यापाऱ्यानं घेतली आहे. साक्षीनं मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, "मम्मी, आपली गाडी." मी तिला घेऊन आत आले.

गाडीची किल्ली ड्रायव्हरच्या सीटवर आहे. ज्या ताटानं तुला ओवाळलं त्याच ताटात ठेवली आहे. ओवाळणी परत करत नाहीत, मला माहीत आहे. परत केली की काय होतं तेही माहीत आहे. ताट आप्पांनी मला लग्नात दिलेलं होतं, तेही आता तुझ्याकडेच राहू दे. मला ते लागणार नाही.

शुक्रवारी तू चाकूरला बोलावलं आहेस. मी येणार आहे, वेळेवर येईन. तुझे दाजी सोबत असतील, आणि वकीलही. सही करायला येत नाही, विहिरीकडचा माझा तुकडा वेगळा करून मागायला येते आहे. आधी मोजणीचा अर्ज टाकू, मग पुढचं बोलू. तुझा कागद तू तयार ठेवला असशील, तो फाडलास तरी चालेल. "ताई, तू टेन्शन घेऊ नको," हे त्या दिवशी म्हणू नकोस एवढीच विनंती.

विकणारा माणूस बघायचा, असं तूच सांगितलं होतंस. चांगलं सांगितलं होतंस, माझंच बघायचं राहिलं.

पत्राखाली आजवर नेहमी "तुझी ताई" लिहीत आले. आज सातबाऱ्यावर आहे तसं लिहिते.

सिंधु आप्पासाहेब सूर्यवंशी