शकूच्या पोस्टचं संकलन

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
सकाळी बँकेत हयातीचा दाखला दिला. मशीनने अंगठा तिसऱ्या वेळी ओळखला. येताना मानपाड्याहून दूध, कोथिंबीर. दुपारी झोप.
संध्याकाळी शहाडहून भाची कल्पिताचा फोन. माझी धाकटी बहीण शकू जाऊन आज शंभर दिवस झाले. मी मोजलेले नाहीत, कल्पिताने सांगितले. शकूचं अकाउंट ती तीस तारखेला संध्याकाळी आठला बंद करणार. म्हणाली, पप्पा दिवसभर आईच्या पोस्ट बघत बसतात, जेवायला उठत नाहीत. मामा, तुम्हाला काय हवं ते आधी बघून घ्या, नाहीतर रविवारी या, मी फोटो काढून देते. मग म्हणाली, पण तुम्हाला कशाला हवंय म्हणा, आईच्या एका पोस्टला तुमचं लाइक नाही.
बघू म्हटलं.
ठाण्याच्या ऑफिसात रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. मला कोणी फोटो काढून द्यायची गरज नाही. शकूच्या सर्व पोस्ट मी स्वतः जमा करणार. यात भावनेचा प्रश्न नाही.

११ नोव्हेंबर
नेटवर एक टूल सापडलं. अकाउंटचं नाव द्यायचं, ते आपोआप पोस्ट गोळा करून क्लाउडवर ठेवतं. उत्तराला क्लाउड काय ते अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ना. बायकोला एवढं कळलं हे ठीक आहे.
नंतर म्हणाली, अहो, मोबाइल घ्या, बोटाने वर सारत जा, सगळं दिसतं. हे म्हणजे काम नव्हे. आधी संकलन, मग वाचन. रेकॉर्ड रूमचा नियम.

१२ नोव्हेंबर
रजिस्ट्रेशन. वापराचा उद्देश विचारला: ब्रँड, निवडणूक, संशोधन. संशोधन निवडलं. संस्थेचं नाव दिल्याशिवाय पुढे जाईना. ‘रेकॉर्ड विभाग, डोंबिवली पूर्व’ लिहिलं. सर्व्हर कुठला हवा तेही विचारलं. सिंगापूर, फ्रँकफर्ट, मुंबई. जवळचा म्हणून मुंबई.

१५ नोव्हेंबर
टूल अजून सुरू केलेलं नाही. घाईने सुरू केलं की पसारा होतो. आधी वर्गवारी. अ: जेवण. ब: सणवार, हळदी. क: नदी, मांजर. ड: इतर. प्रत्येक नोंदीला एक शेरा-रकाना.
उत्तरा म्हणाली, शकूताई निवटी मासळीचा फोटो टाकायची हळदीच्या दिवशी, ते कशात घालणार?
अ-ब असा पोटविभाग केला.

१७ नोव्हेंबर, सकाळी ११
सुरू केलं. दर तासाला तपासणी, दर तासाला मेल. पहिला मेल आला. नवीन पोस्ट: ०.
सुरुवातीला वेळ लागतोच.

१९ नोव्हेंबर
बावन्न मेल. सगळे शून्य. वेग कमी पडतोय. तपासणी दर पंधरा मिनिटांनी केली.

२० नोव्हेंबर
आता मेलच्या ढिगात पेन्शनरांच्या मीटिंगचा मेल सापडला नाही. मीटिंग चुकली. बरंच झालं, ऑफिसातला मधु भेटला असता.
दोन वर्षांपूर्वी गणपतीत याच मधुने ठाण्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना मोबाइल दाखवला होता. शकूची पोस्ट. निवट्यांचा कालवन हाय, जेवाला या. म्हणाला, साहेब, तुमच्या भगिनींचं मराठी फारच चविष्ट आहे. सगळे हसले. मी घरी येऊन शकूला फोन केला. गावात बोलतो तसं जगासमोर लिहू नये, शुद्ध लिहावं, एवढंच सांगितलं. बरं दादा म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाकरीचा फोटो. खाली लिहिलं, आमचे दादांनी सांगितलाय शुद्ध लिवा. ही भाकरी शुद्ध हाय.
चारशे लाइक.
भांडण झालं नाही. कामाव्यतिरिक्त बोलणं झालं नाही इतकंच.

२१ नोव्हेंबर
टूलच्या मदत-चॅटवर तक्रार केली. मृणाल नावाच्या बाईंनी उत्तर दिलं. टूल सुरू केल्यापासून पुढच्याच पोस्ट गोळा होतात, मागच्या होत नाहीत. सूचना पहिल्याच पानावर आहे म्हणे. मग विचारलं, अकाउंटधारक नियमित पोस्ट करतात का? सध्या अनियमित आहेत असं कळवलं. त्या म्हणाल्या, त्यांना पोस्ट करायला प्रोत्साहन द्या, एकही सुटणार नाही.
सूचना पहिल्या पानावर असणं ही दिशाभूल आहे. पहिलं पान कोणी वाचत नाही.

२२ नोव्हेंबर
कल्पिताचा पुन्हा फोन. उद्या येताय का? मी कामात आहे म्हटलं, पद्धतशीर संकलन चालू आहे. किती झालं, तिने विचारलं. यंत्रणा उभी आहे म्हटलं. ती म्हणाली, मामा, त्या भाकरीच्या पोस्टखाली कोणीतरी विचारलेलं, तुजे दादांना राग आला का? त्याला आईने काय उत्तर दिलं ते तरी वाचलं का?
वाचलेलं नाही. मी तेव्हाही वाचलं नाही. संकलन पूर्ण झाल्यावर क्रमाने येईल.

२३ नोव्हेंबर, रविवार
उत्तराने ढकललं म्हणून निघालो. कल्याणपर्यंत गेलो. शहाडच्या रिक्षाला लाइन होती. चार माणसं. परत आलो.

२६ नोव्हेंबर
टूल बंद करा म्हणते उत्तरा. करणार नाही. टूलमध्ये दोष नाही. दर पंधरा मिनिटांनी न चुकता जाऊन बघून येतं. एवढं कोण करतं?

२९ नोव्हेंबर
उद्या स्वतः बघायचं ठरवलं. ती पोस्ट सप्टेंबर २०२३ मधली. बोटाने सारत जायचं, पोस्ट गाठायची, खालचं उत्तर वाचायचं, मोबाइल ठेवायचा. दहा मिनिटांचं काम.

३० नोव्हेंबर, रविवार
उत्तरा सकाळीच शहाडला गेली, एकटी. जाताना म्हणाली, आजचा दिवस तरी त्या पंधरा मिनिटांच्या नादात घालवू नका.
दुपारी तीन वाजता मेल. नवीन पोस्ट: १. कल्पिताने शकूच्या अकाउंटवरून टाकली होती. आयचा अकाउंट आज बंद करतंव. ज्यांनी ज्यांनी जेवाला येतो म्हणून सांगलेलं आनि आले नाय, त्यांना आयनी माफ केलाय.
टूलने ती लगेच पकडली. वर्ग ड. सुरू केल्यापासूनच्या सर्व पोस्ट जमा, एकही सुटली नाही. शंभर टक्के.
साडेतीनला मोबाइल घेऊन बसलो. कल्पिताच्या पोस्टखाली शकूची पहिली पोस्ट, उन्हात सुकटाशेजारी झोपलेल्या मांजराची. लिहिलं होतं, वॉचमन ठेवलाय. मग उल्हास नदी. मग माझाच फोटो, कल्पिताच्या साखरपुड्यातला, मी पंगतीत बसून वर बघतोय. तो कधी काढला माहीत नाही. चुकून बोट लागून सतरा ठिकाणी लाइक गेले.
आठ वाजता मी जून २०२४ पर्यंत पोचलो होतो. मग पान पांढरं झालं. वाचत बसलो म्हणून उशीर झाला. नुसतं सारलं असतं तर पोचलो असतो.
सव्वाआठला मेल. नवीन पोस्ट: ०. टूल बंद केलेलं नाही.
उत्तराचा फोन आला. ती तिकडेच राहतेय. म्हणाली, कल्पिता इथेच बसलीय, तिला ते उत्तर पाठ आहे, फोन देऊ का? नको म्हटलं. रेकॉर्ड तोंडी चालत नाही.
भात गरम केला. कालची आमटी होती. जेवलो, ताट घासून पालथं घातलं, ओटा पुसला.